बाकाच्या पलीकडचं खोकं

कात्रीबाईला आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि ते तिथेच राहिलं. प्लांटमध्ये सगळे तिला कात्रीबाईच म्हणायचे. एक तर तिच्या कमरेला दोरीने बांधलेली बोथट टोकांची मोठी कात्री असायची, आणि दुसरं कारण तिने तोंड उघडलं की कळायचं.

तिचं काम कचरा निवडायचं. कचरा म्हणजे अणूवर वीज करणाऱ्या प्लांटचा. लोकांना वाटतं, तिथला कचरा म्हणजे काहीतरी हिरवंगार, चकाकणारं, पिंपातून बुडबुडे काढत वर येणारं. जबर कचरा होता, नाही असं नाही. पण तो पार आतल्या बाजूला, खोल पाण्याखाली, आणि त्याची निगा राखणारी माणसं वेगळी. कात्रीबाईच्या टेबलावर यायचं ते रबरी हातमोजे, फडकी, कागदी टोप्या, बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, झिजलेले मॉप, फाटक्या नळ्या. एखाद्याला किरणोत्साराची धूळ लागलेली असेल, एखाद्याला नसेल. पण नाहीच लागली असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही, म्हणून सगळंच लागलेलं धरायचं. तोंडावर मास्क, हातात दोन-दोन मोजे, डोक्यावर हवा ओढून घेणारं पत्र्याचं नळकांडं. दाबून बारीक होणारं एका बाजूला, न दबणारं दुसऱ्या बाजूला, ओलं दिसलं की आरडाओरड. मग पिंपात भरायचं. वरून प्रेस उतरायची, ढीग चेपून तळाशी बसायचा, परत भरायचं. पिंप भरलं की झाकण, किरण मोजायचं मीटर, शिक्का आणि कोठार.

कोठार तात्पुरतं होतं. ती लग्न होऊन या वसाहतीत आली तेव्हाही ते तात्पुरतंच होतं. पिंपं कायमची कुठे ठेवायची ती जागा सरकार शोधत होतं. जिथे बोट ठेवावं तिथली माणसं म्हणायची, बाकी काही आणा, हे नको. त्यांचं तरी काय चुकलं? कात्रीबाईला कोणी विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. पण तिला विचारतो कोण, आणि पिंपं तर तिच्याच मागच्या दाराशी.

मागच्या दाराशी म्हणजे अगदी उंबऱ्यावर नव्हे. कोठाराची भिंत, मग मोकळं मैदान, मग तारेचं कुंपण, रस्ता, आणि रस्त्याच्या अल्याड कामगारांच्या बैठ्या घरांची लाइन. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून कोठाराचं छप्पर दिसायचं. त्या छपराची तिला भीती नव्हती. मीटरचा काटा ती रोज बघत होती. तिला धास्ती होती ती ऑफिसातल्या भिंतीवर लावलेल्या नकाशाची. त्यात मैदानावर तुटक रेघांनी एक चौकोन काढला होता. ते दुसरं कोठार. पहिलं भरत आलं की हे बांधायचं. आणि कोठाराभोवती ठरावीक जागा मोकळी सोडायची असा नियम. त्या नियमाची रेघ कुंपण ओलांडून, रस्ता ओलांडून नेमकी त्यांच्या लाइनीवरून गेली होती. तिच्या ओट्यावरूनच म्हणा ना.

"म्हणजे पिंपं मी भरायची," ती नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही फोर्कलिफ्टवर उचलून कोठारात रचायची, आणि कोठार भरलं की दोघांनी मिळून आपलं घर खाली करायचं. वा रे वा!"

"मग काय, हळू चालवू फोर्कलिफ्ट?" नवरा म्हणायचा. तो मुळातच हळू चालवायचा. फोर्कलिफ्टच काय, जेवतानाही त्याचा हात रिव्हर्स गिअरमध्ये असल्यासारखा.

खरं दुखणं घराचं नव्हतं. पत्र्याच्या छपराला गळती, मोरीला तुंबण्याची सवय, अशा घरासाठी जीव टाकण्याइतकी ती खुळी नव्हती. दुखणं होतं मामंजींचं. सासरे म्हणजे याच प्लांटमधले जुने पाइप फिटर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण म्हाताऱ्याने काठी हातात घेतली नाही. डावा पंजा भिंतीला लावायचा आणि चालायला लागायचं. खाटेपासून भिंत, भिंतीचा कोपरा, मग पोपडा निघालेला खड्डा, दाराची चौकट, अंगणातला नळ, की आलाच संडास. त्या भिंतीवर कमरेच्या वर एक काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. कात्रीबाई घरभर चुना मारायची, पण तो पट्टा सोडून.

"ज्या दिवशी संडासला जायला मला कोणाचा हात धरावा लागेल," म्हातारा म्हणायचा, "त्या दिवशी मलाही एका पिंपात भरा. वरून प्रेस मारा. मी दबणाऱ्यातला आहे."

"तुम्ही? तुम्ही कसले दबताय," ती म्हणायची. "तुम्हाला न दबणाऱ्यात टाकावं लागेल. जिभेसकट."

हसण्यावारी न्यायची, पण तिला ठाऊक होतं. शेजारच्या लाइनीतला एक आंधळा म्हातारा मुलाच्या नव्या फ्लॅटवर गेला तो खाटेवरून पुन्हा उठलाच नाही. दुखलंखुपलं काही नव्हतं. रस्ताच सापडला नाही.

म्हणून कोठार सावकाश भरावं, म्हाताऱ्याच्या पायात बळ आहे तोवर तरी ही भिंत उभी राहावी, एवढंच तिचं मागणं. आणि तेवढ्यासाठीच तिचा खोक्यांवर दात होता.

खोक्यांचं असं. निवडायच्या खोलीकडे आणि आतल्या सगळ्या विभागाकडे जाताना वाटेत एक बुटकं बाक आडवं टाकलेलं होतं. अलीकडून बाकावर बसायचं, आपल्या चपला काढायच्या, बुडावर गर्रकन फिरून पाय पलीकडे टाकायचे आणि तिकडचे बूट घालायचे. माणूस पलीकडे गेला तर घासूनपुसून, मीटरखाली उभा राहून परत येतो. गुळगुळीत लोखंडी हत्यारही एक वेळ तपासून सुटतं. पण पुठ्ठा, फोम, कापड, लाकूड, ज्याच्या पोटात धूळ मुरते असलं काही एकदा बाकापलीकडे गेलं की त्याची हमी कोणी घेत नाही. ते कचरा. कोरं करकरीत असलं तरी कचरा.

आणि रोज पलीकडून तिच्या टेबलावर खोकी यायची.

"हे काय रे बाबा?" ती एका फिटरला विचारायची. हा फिटर कुठेही निघाला की "आत्ता आलो" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं आत्ता.

"पंपाचं बेअरिंग."

"बेअरिंग कुठंय?"

"ते बसवलं की."

"मग हे काय?"

"त्याचं खोकं."

"आणि खोक्याच्या आत?"

"छोटं खोकं. त्यात फोम. बाई, मुठीएवढं बेअरिंग, पण कंपनीने लाडाने पाठवलंय."

"मग तो लाड बाकाअलीकडे उतरवायला काय हात मोडले होते?"

"सील!" आत्ता दोन्ही हात वर करायचा. "सील कामाच्या जागेवरच तोडायचं. सीलसाहेबांची ऑर्डर आहे. मी काय करू?"

कात्रीबाई कात्री चालवायची. कर्र, कर्र. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिंपात. वरती ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, नाजूक माल, जपून हाताळा. आणि खरंच, पुढे कितीतरी पिढ्या त्या खोक्याला जपून हाताळणार होत्या! तिची नातवंडं-पतवंडं म्हातारी होतील तरी खोकं पिंपात, पिंप कोठारात, कोठारावर पहारा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सीलसाहेब म्हणजे भांडाराचे साहेब. माणूस वाईट नव्हता. मागे कधीतरी नव्या खोक्यातून जुना माल निघाला होता, पंप बंद पडला होता, आणि ठपका त्यांच्यावर आला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. माल वापरणाऱ्याच्या हातात, कामाच्या जागी पडेपर्यंत सील शाबूत पाहिजे.

ती त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, "बाई, कचऱ्याच्या साहेबांशी बोला. तो त्यांचा विषय."

ती कचऱ्याच्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "आमचा नियम स्पष्ट आहे. पलीकडे खोकं नेऊ नका. पण भांडार ऐकत नाही. बोला त्यांच्याशी."

"साहेब, तुमच्या दोघांची दारं समोरासमोर आहेत. इथून शिंकलात तर त्यांना ऐकू जाईल."

"पत्रव्यवहार चालू आहे," साहेब म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं. त्या दोन बरोबरांच्या मधल्या फटीतून खोकी आत सरकत होती, ती मात्र तिच्या एकटीच्या टेबलावर येऊन पडत होती.

असे किती हेलपाटे झाले ते तिने मोजले नाहीत. मोजले असते तर डोकं फिरलं असतं. फिरलंच शेवटी. एक दिवस भलीमोठी लाकडी पेटी बाकापाशी आली. आत काय, तर गाळणीची जाळी. बाहेर काय, तर जाड फळ्या, खिळे, भुसा. आत्ता आणि आणखी दोघं ती पलीकडे उचलायला वाकले, तशी कात्रीबाई पुढ्यात उभी राहिली. तिने कोपऱ्यातलं एक मोडकं टेबल ओढलं, पेटी त्यावर ठेवायला लावली आणि कात्रीने सील तोडलं.

आत्ताने जीभ चावली. "बाई! मेलो ना आपण!"

"तू कशाला मरतोस? सील मी तोडलंय."

सीलसाहेब धावत आले. धापा टाकत विचारलं, "कोणी तोडलं?"

"मी."

"तुम्हाला अधिकार कोणी दिला?"

"कोणीच नाही, साहेब. पण आलाच आहात तर बघून घ्या, जाळी नवी आहे की जुनी. नवीच आहे? मग जाळी जाऊ द्या पलीकडे, आणि ही लाकडं राहू द्या अलीकडे. जळणाला तरी होतील."

तिला सील तोडल्याची शिक्षा झाली. निवडायच्या कामावरून काढून बूट धुवायला घातलं. ती बूट धूत बसली आणि येणाजाणाऱ्याला ऐकवत राहिली. नवरा म्हणाला, "अगं, गप्प बस ना." ती म्हणाली, "गप्प बसणारा एक आहे ना घरात, पुरे आहे."

पण कुठेतरी चक्र फिरलं. सीलसाहेबांनी विचार केला असेल, की आपल्याच डोळ्यांसमोर खोकं फुटलं तर आपल्याच पथ्यावर आहे. त्यांनी ऑर्डर काढली: बाकाअलीकडे टेबल मांडावं, भांडाराचा माणूस तिथे ब्लेड घेऊन बसेल, वापरणाऱ्यासमोर सील फोडून नुसता माल पलीकडे द्यावा. ऑर्डर अशी थाटात लिहिली होती की वाचणाऱ्याला वाटावं, साहेबांना पहाटे स्वप्नच पडलं. कचऱ्याच्या साहेबांनी खाली लिहिलं, सहमत. कात्रीबाईचं नाव कुठेच नव्हतं. तिला हवंही नव्हतं. ती परत निवडायच्या टेबलावर आली.

आणि काय सांगावं, खोकी थांबली! मोजे यायचे, फडकी यायची, पण तो पुठ्ठ्याचा डोंगर गेला. प्रेस मधून मधून रिकामी उभी राहू लागली. नवऱ्याची फोर्कलिफ्ट कधी कधी सावलीला लागायची. कोठारात एक सबंध रांग मोकळी पडून राहिली. घरी मामंजी अंगणात खुर्ची टाकून येणाजाणाऱ्याला सांगू लागले, "आमच्या सुनेने कोठार रोखून धरलंय."

"मोठ्याने बोलू नका," ती म्हणायची. "साहेबांनी ऐकलं तर खोकी परत सुरू करतील." पण बोलताना तिच्या ओठांच्या कडा वर गेलेल्या असायच्या.

मग एक दिवस निरोप आला, की मोठे साहेब येणार. कचरा कमी केल्याबद्दल कात्रीबाईचा सत्कार. आणि सत्कार तिच्या कामाच्या जागी, कारण फोटोत खरं काम दिसलं पाहिजे.

मोठे साहेब आले. बाकावर बसले, गर्रकन फिरायला गेले आणि अडकले. कचऱ्याच्या साहेबांनी ढकललं. मागून सीलसाहेब, त्यांच्यामागे कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घातलेला फोटोग्राफर, आणि त्याच्यामागे एक शिपाई. शिपायाच्या हातात खोकं.

कात्रीबाईचे डोळे त्या खोक्यावर. चांगलं ऐसपैस खोकं, वर रिबिनीचं फूल. शिपायाने झाकण उघडलं तर आत थर्माकोल, थर्माकोलात कागद, कागदात पॉलिश केलेली लाकडी ढाल. पाठीला मखमल. अलीकडे भांडाराचा माणूस ब्लेड घेऊन बसलेला असताना हे खोकं सीलबंद पलीकडे आलं होतं. साहेबांच्या खोक्याला कोण अडवणार?

भाषण झालं. "या बाईंमुळे," मोठे साहेब म्हणाले, "आपल्या कोठारात इतकी जागा वाचली की वरपर्यंत नाव गेलं. आणि म्हणूनच आपल्याला एक मोठा मान मिळालाय. नदीपलीकडच्या प्लांटचं कोठार ओसंडून वाहतंय. त्यांची पिंपं आता आपल्याकडे येणार. पुढची सोय म्हणून दुसऱ्या कोठाराचं कामही लगेच हाती घेतोय. याच हंगामात!"

टाळ्या वाजल्या. दोन-दोन मोज्यांतल्या टाळ्या त्या, फदफद वाजल्या. कात्रीबाईचे हात हललेच नाहीत.

"साहेब," ती म्हणाली, "आणि आमची लाइन?"

"काळजी करू नका. नव्या इमारतीत सगळ्यांची सोय आहे. लिफ्ट आहे, बाई, लिफ्ट!"

साहेबांनी ढाल पुढे केली. तिने घेतली. फोटो निघाला. मग तिने ढाल उलटी करून मखमलीवर बोट टेकवलं.

"ही घरी नेऊ का, साहेब?"

"म्हणजे काय! तुमचीच आहे."

"बाक ओलांडून आलीय."

सीलसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

"पुसून..." मोठे साहेब कचऱ्याच्या साहेबांकडे वळले. "पुसून नाही चालणार?"

"लाकूड आहे, सर," कचऱ्याचे साहेब छताला सांगितल्यासारखं बोलले. "आणि मखमल."

कात्रीबाईने रिबिनीचं फूल कापलं. खोकं कापलं. थर्माकोल तोडून दबणाऱ्यात टाकला. ढाल न दबणाऱ्या पिंपात ठेवली. टाकली म्हटलं तरी चालेल, आवाज झाला. साहेब मंडळी बाकाकडे निघाली, आणि आत्ता तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, "बाई, फोटो तरी सुटेल ना बाहेर?"

"तू पण जा बाहेर," ती म्हणाली.

घरी जाताना ती कुंपणाच्या कडेकडेने चालली आणि स्वतःवरच दात-ओठ खात राहिली. कशाला मधे पडलीस? खोकी जाऊ दिली असतीस तर कोठार आपलं आपण भरत राहिलं असतं, बाहेरच्यांना बोलवायला तिथे जागाच नसती. अजून काही वर्षं निघाली असती. तेवढ्या वर्षांत मामंजी या घरातूनच... तो विचार तिने तिथेच कापला. कापला तरी तुकडे राहिलेच.

मामंजी खाटेवर वाट बघत बसले होते. "काय दिलं?"

"ढाल."

"आण इकडे, हात लावून बघू."

"पिंपात आहे."

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसत सुटला. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात डोळ्यांतून पाणी, तरी हसणं थांबेना. "तुलाच दिली आणि तुझ्याकडूनच पिंपात घातली! अगं, गाढवांचा बाजार आहे हा!"

"पुढचं ऐका आधी," ती म्हणाली, आणि नदीपलीकडची पिंपं, दुसरं कोठार, लिफ्ट, सगळं भडाभडा ओकली. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने तेवढ्यात डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि परत घातली.

म्हाताऱ्याचं हसणं बसलं. पंजा आपोआप भिंतीवर गेला. बराच वेळ तो त्या पट्ट्यावर मागे-पुढे करत राहिला.

"चुकलंच माझं," कात्रीबाई म्हणाली. "गप्प बसायला हवं होतं."

"तू गप्प बसली असतीस तर आम्ही डॉक्टर बोलावला असता," म्हातारा म्हणाला. मग पंजा भिंतीवरच ठेवून, "नव्या घरात संडास कुठल्या हाताला?"

"काय माहीत. बघितलं नाही अजून."

"मग बघू चल. साहेबाला विचारू नकोस. त्याला त्याच्या घरातला पण बायको दाखवत असेल."

सुट्टीच्या दिवशी तिघं गेली. इमारत अजून पुरी झाली नव्हती. लिफ्ट होती, पण तिच्यात सिमेंटची पोती भरलेली. नवऱ्याने बापाला पाठीमागून धरायला हात पुढे केला, तो म्हाताऱ्याने झटकला आणि कठड्याला धरून जिना चढला. दर वळणावर शिवी, दर मजल्यावर दम.

त्यांच्या वाटणीच्या घराचं दार उघडंच होतं. म्हाताऱ्याने आत पाऊल टाकलं, डावा पंजा भिंतीला टेकवला आणि चालू लागला.

"काय हे! सगळं गुळगुळीत. एक खड्डा नाही, एक खूण नाही. माणसाने कळायचं कसं?"

"नवीन घर आहे, मामंजी."

"आणि ओलं का लागतंय? गळतंय की काय इथेसुद्धा?"

तेवढ्यात आतून रंगारी धावत आला. "अहो आजोबा! रंग ओला आहे! कोणी सांगितलं हात लावायला?"

भिंतीवर दारापासून आतपर्यंत एकामागे एक पंजे उमटले होते. काही पुरे, काही फरपटलेले, एका ठिकाणी नुसती बोटं. म्हातारा थांबला नाही. कोपरा, मग चौकट. तिथे तो आपटला. कपाळ चोळत त्याने उजवा हात लांब करून चाचपलं. "उजव्या हाताला! संडासाचं दार उजव्या हाताला केलंय! उलटं, सगळं उलटं."

"सगळी भिंत परत मारावी लागणार मला," रंगारी कपाळाला हात लावून म्हणाला.

"मार की," कात्रीबाई म्हणाली. "उद्या मार. आज तिकडे बाल्कनीत बस जाऊन."

"अहो, पण..."

"त्यांना चार खेपा करू दे. डोळे तुला आहेत, तुझं उद्यावर भागतंय."

तिने म्हाताऱ्याला बाहेरच्या दाराशी आणून उभं केलं आणि हात सोडला. नवरा पुढे झाला, तसा तिने त्याचा सदरा मागून ओढला. मामंजींनी रंगाने माखलेला डावा हात धोतराला पुसला, उजवा भिंतीला टेकवला आणि मान तिरकी करून म्हणाले, "आता कोणी मधे बोलू नका."